सहीचे मोल : परळच्या गिरणी कामगारांच्या अर्जापासून ऑनलाइन याचिकेपर्यंत

'सोबतच्या लिंकवर जाऊन सही करा आणि हा संदेश किमान दहा जणांना पाठवा,' अशी विनंती आज आपणापैकी प्रत्येकाच्या मोबाइलवर वारंवार येत असते. विषय नाना प्रकारचे असतात. कधी रेल्वेस्थानकावरील अरुंद पूल, कधी रखडलेली शिष्यवृत्ती, कधी तोडली जाणारी झाडे, तर कधी स्मारकाचे लांबलेले काम. सही करावयास अर्धे मिनिटही लागत नाही. सही झाली की आपण कर्तव्य केले, असे समाधान मनाला लाभते आणि विषय बहुधा तेथेच संपतो.

या सहीचे पुढे काय होते? ती कोणाच्या टेबलावर पोहोचते? शासन तिची दखल केव्हा घेते आणि केव्हा घेत नाही? आपल्या समाजातील तरुण मोठ्या संख्येने या साधनाचा वापर करीत असल्यामुळे हे प्रश्न अभ्यासण्याजोगे आहेत. त्यासाठी फार दूर जाण्याची गरज नाही. मुंबईतील गिरगाव, परळ, लालबाग व दादर या पट्ट्यात गेली पावणेदोनशे वर्षे नागरिक सह्या गोळा करून सत्तेपुढे मागण्या मांडीत आले आहेत. त्यांपैकी काही अर्ज फळाला आले, काही धूळ खात पडले. या दोहोंमधील फरक समजून घेणे हा या लेखाचा हेतू आहे.

१. याचिका या शब्दाचे तीन अर्थ

प्रथम एक सार्वत्रिक गैरसमज दूर केला पाहिजे. 'याचिका' हा एकच शब्द आपण तीन वेगवेगळ्या गोष्टींसाठी वापरतो. पहिली न्यायालयीन याचिका. संविधानाच्या अनुच्छेद ३२ अन्वये सर्वोच्च न्यायालयात व अनुच्छेद २२६ अन्वये उच्च न्यायालयात ती दाखल होते आणि न्यायालयाला तिच्यावर निर्णय द्यावा लागतो. दुसरी विधिमंडळाकडे किंवा संसदेकडे केलेला विनंती अर्ज. आपल्या विधिमंडळात अशा अर्जांसाठी विनंती अर्ज समिती असते आणि लोकप्रतिनिधीमार्फत अर्ज सभागृहापुढे नेता येतो. तिसरी म्हणजे नागरिकांनी सह्यांनिशी शासनाला किंवा एखाद्या अधिकाऱ्याला दिलेले निवेदन.

चेंज डॉट ऑर्ग यांसारख्या संकेतस्थळावरील ऑनलाइन याचिका या तिसऱ्या प्रकारात मोडते. हे संकेतस्थळ २००७ साली अमेरिकेत सुरू झाले. ते खाजगी आहे, कोणत्याही सरकारचे नाही. तेथे लाख सह्या झाल्या तरी त्यातून न्यायालयात खटला उभा राहत नाही. ब्रिटनमध्ये संसदेच्या अधिकृत संकेतस्थळावरील याचिकेला १० हजार सह्या मिळाल्या की सरकार उत्तर देते आणि १ लाख सह्या झाल्या की ती संसदेतील चर्चेसाठी विचारात घेतली जाते. अमुक इतक्या सह्या झाल्या म्हणून शासनाने उत्तर दिलेच पाहिजे, असा कायदा आपल्या देशात नाही.

तथापि आपला अधिकार त्यामुळे दुबळा ठरत नाही. अनुच्छेद १९ ने विचार मांडण्याचे व शांततेने एकत्र जमण्याचे स्वातंत्र्य दिले आहे. त्याहून कमी परिचित, परंतु या विषयात अतिशय महत्त्वाचा असा अनुच्छेद ३५० आहे. आपल्या गाऱ्हाण्याच्या निवारणासाठी केंद्राच्या किंवा राज्याच्या कोणत्याही अधिकाऱ्याकडे, संघराज्यात किंवा त्या राज्यात वापरल्या जाणाऱ्या कोणत्याही भाषेत निवेदन देण्याचा प्रत्येक व्यक्तीला हक्क आहे, असे तो सांगतो. मराठीतून लिहिलेला साधा अर्ज हाही संविधानाने मान्य केलेला अर्ज आहे. इंग्रजी येत नाही म्हणून मागे राहणाऱ्या आई-वडिलांनी हे अवश्य लक्षात ठेवावे.

२. साडेपाच हजार सह्यांचा अर्ज

मुंबईकरांच्या सामूहिक अर्जांची परंपरा १८५२ पर्यंत मागे जाते. त्या वर्षी २६ ऑगस्ट रोजी गिरगावचे नाना शंकरशेट व डॉ. भाऊ दाजी लाड प्रभृतींच्या पुढाकाराने बॉम्बे असोसिएशन स्थापन झाली. ईस्ट इंडिया कंपनीच्या सनदेचा विचार १८५३ मध्ये ब्रिटिश संसदेपुढे येणार होता. ती वेळ साधून या संस्थेने येथील कारभाराच्या सुधारणेसाठी संसदेकडे अर्ज पाठविला. परंतु तो शहरातील प्रतिष्ठितांचा अर्ज होता. कष्टकऱ्यांनी स्वतःच्या नावाने केलेल्या मोठ्या अर्जासाठी आणखी तीन दशके जावी लागली.

ते कार्य नारायण मेघाजी लोखंडे यांनी केले. महात्मा जोतीराव फुले यांचे हे सहकारी १८८० पासून मुंबईतून 'दीनबंधु' पत्र चालवीत होते. १८८१ च्या फॅक्टरी कायद्याने सात वर्षांखालील मुलांना कामावर ठेवण्यास बंदी घातली होती आणि सात ते बारा वर्षांच्या मुलांचे काम नऊ तासांवर आणले होते. प्रौढ कामगारांच्या कामाच्या तासांना मात्र कसलीच मर्यादा नव्हती. १८८४ मध्ये मुंबई सरकारने गिरण्यांतील परिस्थितीच्या चौकशीसाठी आयोग नेमला. लोखंडे यांनी लगेच, २३ सप्टेंबर १८८४ रोजी, परळच्या सुपारीबागेत कामगारांची सभा घेतली. या प्रयत्नातून ५,५०० कामगारांच्या सह्यांचे निवेदन तयार झाले आणि ते आयोगाला सादर करण्यात आले. अक्षरओळख असलेला गिरणी कामगार त्या काळी विरळच होता, हे ध्यानात घेतले म्हणजे या संख्येमागचे श्रम कळतात.

निवेदनातील मागण्या मोजक्या होत्या. रविवारी सुट्टी असावी. दुपारी अर्धा तास विश्रांती मिळावी. काम सकाळी साडेसहाला सुरू होऊन सूर्यास्ताला थांबावे. महिन्याचा पगार पुढील महिन्याच्या १५ तारखेपर्यंत मिळावा. कामावर जखमी झालेल्याला बरा होईपर्यंत पूर्ण वेतन आणि कायमचे अपंगत्व आलेल्याला निर्वाहाची तरतूद मिळावी. यातील प्रत्येक मागणीला 'होय' किंवा 'नाही' एवढेच उत्तर संभवत होते. 'कामगारांची स्थिती सुधारावी' असे मोघम वाक्य लिहून लोखंडे थांबले नाहीत.

तरीही निवेदन दिल्याबरोबर काही घडले नाही. कायदा तसाच राहिला. लोखंडे यांनी मागणी सोडली नाही. १८८९ मध्ये पुन्हा निवेदन गेले. २४ एप्रिल १८९० रोजी सुमारे १० हजार कामगारांची सभा भरली आणि तीत दोन स्त्री कामगारांनीही भाषणे केली. अखेर १० जून १८९० रोजी गिरणीमालकांच्या संघटनेने रविवारची सुट्टी मान्य केली आणि १८९१ च्या कायद्यात साप्ताहिक सुट्टीची तरतूद आली. पहिल्या सहीपासून पहिल्या रविवारपर्यंत जवळजवळ सहा वर्षे लागली.

या उदाहरणातील पाच गोष्टी टिपून ठेवण्यासारख्या आहेत : चौकशी चालू असताना साधलेली वेळ, निश्चित मागण्या, ज्यांच्यावर अन्याय होत होता त्यांच्याच सह्या, विषय जिवंत ठेवणारे वृत्तपत्र आणि सहीनंतरचा पाठपुरावा. पुढील सर्व उदाहरणे आपण याच पाच कसोट्यांवर तपासणार आहोत.

३. ठराव झाला, पाणी मिळाले नाही

अस्पृश्य मानल्या गेलेल्या समाजानेही न्यायासाठी प्रथम अर्जाचाच मार्ग धरला. पुण्याचे शिवराम जानबा कांबळे यांनी १९१० मध्ये भारतमंत्री लॉर्ड क्रू यांच्याकडे सविस्तर अर्ज पाठवून सैन्यात व पोलिसांत महारांची भरती पुन्हा सुरू करण्याची मागणी केली. पहिल्या महायुद्धाच्या काळात, १९१७ मध्ये, महारांची पलटण उभी राहिली आणि युद्धानंतर ती मोडण्यात आली. कायमस्वरूपी महार रेजिमेंट १९४१ मध्ये स्थापन झाली. एका मागणीसाठी किती पिढ्यांनी लिहीत व बोलत राहावे लागते, याचे हे उदाहरण आहे.

दुसरे उदाहरण अधिक बोलके आहे. दादरला ज्यांच्या नावाचा रस्ता आहे, त्या सी. के. बोले यांनी ४ ऑगस्ट १९२३ रोजी मुंबई विधिमंडळात ठराव मांडला. सार्वजनिक निधीतून बांधलेली किंवा सरकारच्या अखत्यारीतील पाणवठे, विहिरी, धर्मशाळा, शाळा व दवाखाने अस्पृश्यांना खुले असावेत, असा त्याचा आशय होता. ठराव संमत झाला. सरकारने त्यानुसार आदेश काढले. महाडच्या नगरपालिकेने १९२४ मध्ये चवदार तळे खुले असल्याचा ठरावही केला. कागदावर सर्व काही मिळाले होते, परंतु तळ्याचे पाणी मिळत नव्हते.

याच सुमारास, जुलै १९२४ मध्ये, डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी बहिष्कृत हितकारिणी सभा स्थापन केली. तिचे कार्यालय परळच्या दामोदर हॉलमध्ये होते. या सभेने १९२५ मध्ये सोलापूरला विद्यार्थ्यांसाठी वसतिगृह सुरू केले, सायमन कमिशनपुढे लेखी निवेदने सादर केली आणि महाडच्या परिषदेमागेही तिचेच बळ होते. निवेदन लिहिणारे हात आणि वसतिगृह चालविणारे हात एकच होते, ही बाब निवासी शाळेच्या या स्मरणिकेत नमूद करणे उचित होईल. २० मार्च १९२७ रोजी हजारो माणसे तळ्यापर्यंत चालत गेली, तेव्हा विधिमंडळाच्या ठरावाला प्रथमच अर्थ प्राप्त झाला. त्यानंतरही न्यायालयीन लढा चालला आणि उच्च न्यायालयाचा अनुकूल निर्णय मार्च १९३७ मध्ये लागला.

पुढे २५ नोव्हेंबर १९४९ रोजी संविधान सभेतील भाषणात बाबासाहेबांनी एक इशारा दिला. संविधानिक मार्ग उपलब्ध नव्हते तेव्हा असंविधानिक मार्गांचे समर्थन होऊ शकत होते. आता ते मार्ग खुले झाल्यावर त्यांचाच अवलंब केला पाहिजे, असा त्याचा आशय होता. हा इशारा आपल्यावर एक जबाबदारीही टाकतो. संविधानिक मार्गानेच जावयाचे असेल, तर ते मार्ग आपणास नीट ठाऊक हवेत. अर्ज कोठे द्यावा, मुदत कधी संपते, उत्तर न आल्यास पुढे कोणाकडे जावे, हे ज्या समाजाला माहीत नसते त्याच्यासाठी खुला मार्गही बंदच राहतो.

४. अलीकडील तीन उदाहरणे

पहिले उदाहरण इंटरनेटच्या समानतेचे. काही संकेतस्थळे फुकट आणि काहींसाठी वेगळे पैसे, अशी व्यवस्था दूरसंचार कंपन्यांना करता यावी की नाही, याविषयी दूरसंचार नियामक प्राधिकरणाने मार्च २०१५ मध्ये मते मागविली. चर्चापत्र इंग्रजीत, क्लिष्ट आणि वीस प्रश्नांचे होते. जाणकार तरुणांनी त्या प्रश्नांची उत्तरे तयार करून संकेतस्थळावर ठेवली आणि नागरिकांना ती ई-मेलने पाठविण्याचे आवाहन केले. मुदतीत दहा लाखांहून अधिक ई-मेल गेले. ८ फेब्रुवारी २०१६ रोजी प्राधिकरणाने निरनिराळ्या मजकुरासाठी निरनिराळे दर आकारण्यास मनाई केली. येथे संख्या मोठी होती हे खरेच. परंतु ती मते विचारलेल्या प्रश्नांची उत्तरे होती, ज्याने विचारले त्यालाच पाठविली होती आणि मुदतीत पोहोचली होती, हे अधिक महत्त्वाचे आहे.

दुसरे उदाहरण आपल्या परळचे आणि अतिशय वेदनादायक. गिरण्या बंद पडल्या, त्यांच्या जागी कार्यालयांचे मनोरे उभे राहिले आणि परळ व एल्फिन्स्टन रोड या दोन स्थानकांतून रोज जाणाऱ्यांची गर्दी वाढत गेली. पूल मात्र जुना आणि अरुंदच राहिला. प्रवासी समाजमाध्यमांवर धोक्याची सूचना देत होते, छायाचित्रे टाकीत होते. लोकप्रतिनिधींनी रेल्वे मंत्रालयाला पत्रेही लिहिली होती. २९ सप्टेंबर २०१७ रोजी सकाळी पावसात या पुलावर चेंगराचेंगरी झाली आणि २३ माणसे मृत्युमुखी पडली. त्यानंतर लष्कराला पाचारण करण्यात आले आणि २७ फेब्रुवारी २०१८ रोजी नवा पूल लोकांसाठी खुला झाला. जे काम वर्षानुवर्षे होत नव्हते ते पाच महिन्यांत झाले.

या घटनेत दोष नागरिकांचा नव्हता; सूचना मिळूनही वेळेत काम न होणे ही यंत्रणेची जबाबदारी होती. तरीही अभ्यासकाने स्वतःला एक प्रश्न विचारावा. शेकडो प्रवाशांनी शेकडो ठिकाणी स्वतंत्रपणे मांडलेली तक्रार, आणि त्याच प्रवाशांनी एका कागदावर, एका अधिकाऱ्याच्या नावे, तारीख घालून दिलेला व दर महिन्याला विचारपूस केलेला अर्ज, या दोहोंत कोणते टाळणे यंत्रणेला अधिक कठीण जाते? विखुरलेल्या तक्रारीला आवक क्रमांक नसतो, म्हणून तिच्याविषयी कोणाला जाब विचारता येत नाही.

तिसरे उदाहरण आरे येथील झाडांचे. आरे गोरेगावला असले तरी ज्या मेट्रो-३ मार्गासाठी तेथे कारशेड बांधावयाची होती, तो मार्ग गिरगाव व दादरखालूनच जातो. दक्षिण मुंबईतील रहिवाशांनीही या मार्गासाठी होणाऱ्या वृक्षतोडीविरुद्ध उच्च न्यायालयात धाव घेतली होती. आरेच्या प्रश्नावर ऑनलाइन याचिका झाल्या आणि महापालिकेच्या वृक्ष प्राधिकरणाकडे ८२ हजारांहून अधिक हरकती पोहोचल्या. तरीही २९ ऑगस्ट २०१९ रोजी प्राधिकरणाने वृक्षतोडीस मंजुरी दिली. ४ ऑक्टोबरला उच्च न्यायालयाने याचिका फेटाळल्या आणि त्याच रात्री तोड सुरू झाली. त्यानंतर कायद्याच्या एका विद्यार्थ्याने सरन्यायाधीशांना पत्र लिहिले. सर्वोच्च न्यायालयाने त्या पत्राचीच याचिका मानून ७ ऑक्टोबरला विशेष सुनावणी घेतली आणि पुढील तोड थांबविली. तोपर्यंत दोन हजारांहून अधिक झाडे पडली होती.

पुढे सरकारे बदलली तसे निर्णयही बदलले. २०२० मध्ये आरेतील सुमारे ८०० एकर क्षेत्र वन म्हणून राखण्याची घोषणा झाली आणि कारशेड अन्यत्र हलविण्याचे ठरले. २०२२ मध्ये ती पुन्हा आरेतच आली. आज या मेट्रोने गिरगावकर प्रवास करतात आणि तिची सोय कोणी नाकारीत नाही. अर्जाने प्रकल्प थांबला नाही. परंतु प्रकल्पाच्या नकाशाबाहेरील मोठे क्षेत्र वन म्हणून राखण्याचा विचार या लोकमतामुळेच पुढे आला, असे म्हणता येईल. ८२ हजार हरकती एका बाजूला आणि एक पत्र दुसऱ्या बाजूला ठेवून पाहिले तर वेळेचे आणि योग्य पत्त्याचे महत्त्व कळते. ते पत्र चार दिवस आधी न्यायालयापुढे आले असते तर काय झाले असते, हा प्रश्न मात्र अनुत्तरितच राहतो.

५. आकड्यांचे बळ आणि आकड्यांचा भ्रम

ऑनलाइन याचिकेत डोळ्यांत भरतो तो सह्यांचा आकडा. या आकड्याविषयी इतिहास दोन गोष्टी शिकवितो.

पहिली गोष्ट विश्वासार्हतेची. ब्रिटनमधील चार्टिस्ट चळवळीने कामगारांना मताधिकार मिळावा म्हणून १८४८ मध्ये संसदेला प्रचंड अर्ज सादर केला. सह्या ५७ लाखांच्या घरात असल्याचे नेत्यांनी जाहीर केले. संसदेच्या कारकुनांनी मोजणी केली तेव्हा त्या सुमारे १९ लाख ७५ हजार भरल्या आणि त्यांत राणी व्हिक्टोरियाच्या नावाचीही खोटी सही निघाली. वास्तविक वीस लाखांजवळ पोहोचणाऱ्या सह्या ही सामान्य गोष्ट नव्हती. परंतु खोट्या सह्यांमुळे खऱ्या सह्यांचीही थट्टा झाली. आज एकाच माणसाने पाच ई-मेल पत्त्यांवरून केलेल्या सह्यांचा परिणाम याहून वेगळा होत नाही.

दुसरी गोष्ट मर्यादेची. ब्रिटनने युरोपीय संघातून बाहेर पडू नये, या मागणीच्या अधिकृत ऑनलाइन याचिकेवर २०१९ मध्ये ६१ लाखांहून अधिक सह्या झाल्या. नियमाप्रमाणे १ एप्रिल रोजी संसदेत चर्चाही झाली. सरकारने मागणी मान्य केली नाही आणि ३१ जानेवारी २०२० रोजी ब्रिटन बाहेर पडले. चर्चा घडवून आणण्याइतके सामर्थ्य सह्यांत होते. निर्णय फिरविण्यासाठी संसदेतील बहुमत आवश्यक होते.

मतमोजणीच्या प्रामाणिकपणाचा विचार आपल्या परंपरेला नवा नाही. बौद्ध संघात ठराव मांडण्याची, गणपूर्तीची आणि मतभेद झाल्यास शलाकांच्या साहाय्याने मते मोजण्याची रीत होती. शलाका गोळा करणारा भिक्षू पक्षपात, द्वेष, मोह व भय यांपासून मुक्त असावा, असा विनयाचा दंडक होता. संघाच्या या संसदीय पद्धतीचा उल्लेख बाबासाहेबांनी संविधान सभेतील त्याच भाषणात केला होता. सह्या गोळा करणाऱ्या कार्यकर्त्याने हा दंडक स्वतःला लावून पाहावा.

६. चांगला अर्ज कसा करावा

वरील विवेचनातून काही व्यावहारिक नियम निघतात. आपल्या घरांतील नेहमीचा प्रश्न घेऊन ते पाहू. महाविद्यालयात शिकणाऱ्या मुला-मुलींची शिष्यवृत्ती रखडली आहे, अशी कल्पना करा.

(१) मागणी एकच व निश्चित असावी. 'मागासवर्गीय विद्यार्थ्यांवरील अन्याय दूर करा' या वाक्यावर कोणताही अधिकारी आदेश काढू शकत नाही. 'अमुक महाविद्यालयातील इतक्या विद्यार्थ्यांचे अर्ज महाडीबीटीवर मंजूर असूनही दुसरा हप्ता जमा झालेला नाही. तो अमुक तारखेपर्यंत जमा करावा' या वाक्यावर काढू शकतो.

(२) ज्याच्या हाती निर्णय आहे त्यालाच अर्ज करावा. या उदाहरणात प्रथम महाविद्यालयाचे प्राचार्य, नंतर समाज कल्याण विभागाचे सहायक आयुक्त, त्यानंतर वरची पायरी. थेट पंतप्रधानांच्या नावे केलेली याचिका बहुधा पायऱ्या उतरत पुन्हा त्याच कार्यालयात येते आणि त्यात महिने जातात.

(३) सह्या प्रथम बाधितांच्या घ्याव्यात. चाळीस बाधित विद्यार्थ्यांच्या नाव, वर्ग व अर्ज क्रमांकासह दिलेल्या सह्या अनोळखी चार हजार सह्यांहून वजनदार ठरतात. सहानुभूती दाखविणाऱ्यांच्या सह्या वेगळ्या पानावर जोडाव्यात. बाधितांचा तपशील अधिकाऱ्याला द्यावयाच्या प्रतीतच असावा. सर्वांना दिसणाऱ्या ऑनलाइन याचिकेत तो घालू नये.

(४) ऑनलाइन याचिका व कागदी अर्ज यांची जोड घालावी. ऑनलाइन याचिकेने विषय पसरतो आणि माणसे जोडली जातात. तिची छापील प्रत निवेदनासह कार्यालयात द्यावी आणि दुसऱ्या प्रतीवर शिक्का, तारीख व आवक क्रमांकासह पोच घ्यावी. राज्य शासनाच्या 'आपले सरकार' पोर्टलवर तक्रार नोंदविली तर तिचा क्रमांक जपून ठेवावा.

(५) पाठपुराव्याची जबाबदारी नावानिशी ठरवावी. उत्तर न आल्यास स्मरणपत्र द्यावे. त्यानंतर २००५ च्या माहिती अधिकार कायद्याखाली 'आमच्या अमुक तारखेच्या अर्जावर कोणती कार्यवाही झाली' असे विचारावे. सर्वसाधारणपणे ३० दिवसांत उत्तर देणे माहिती अधिकाऱ्यावर बंधनकारक आहे. सहीच्या आकड्याला नसलेले कायद्याचे बळ या साध्या प्रश्नाला आहे.

(६) मुदत पाळावी. हरकती व सूचना मागविणारी सूचना निघाली की तिची शेवटची तारीख प्रथम पाहावी. मुदतीनंतर उसळलेला संताप कितीही न्याय्य असला तरी तो नोंदला जात नाही.

(७) निकाल सर्वांना कळवावा. मागणी मान्य झाली, अंशतः झाली किंवा फेटाळली गेली, हे सही करणाऱ्या प्रत्येकाला सांगावे. ज्यांना निकाल कळत नाही ती माणसे पुढच्या वेळी सही करीत नाहीत.

७. सही करण्यापूर्वी

केसपुत्त येथील कालामांना तथागतांनी जो उपदेश केला, त्याचे मर्म असे की एखादी गोष्ट केवळ ऐकिवात आली, परंपरेने आली किंवा मोठ्या माणसाने सांगितली म्हणून स्वीकारू नये. स्वतः तपासून घ्यावी. मोबाइलवर आलेल्या याचिकेला हा निकष तंतोतंत लागू पडतो. याचिका कोणी केली? त्यात सांगितलेली घटना खरी आहे काय? ती आजची आहे की पाच वर्षांपूर्वीची? मागणी कोणाकडे केली आहे? या चार प्रश्नांची उत्तरे मिळाल्याशिवाय सही करू नये आणि पुढे पाठवूही नये. एखाद्या समाजाविरुद्ध द्वेष पसरविणाऱ्या मजकुरालाही कित्येकदा याचिकेचे रूप दिलेले असते.

वैयक्तिक माहितीबाबतही सावध राहावे. वर उल्लेखिलेल्या २०१५ च्या प्रकरणात नियामक प्राधिकरणाने आलेली मते प्रसिद्ध करताना दहा लाखांहून अधिक लोकांचे ई-मेल पत्तेही जाहीर केले होते. सही करणाऱ्यांच्या ते ध्यानीमनीही नव्हते. म्हणून आधार क्रमांक, बँकेचा तपशील किंवा ओटीपी कोणत्याही याचिकेत देऊ नये. सही झाल्यावर काही संकेतस्थळे 'थोडी रक्कम देऊन ही याचिका अधिक लोकांपर्यंत पोहोचवा' असे सुचवितात. ते पैसे याचिकेच्या प्रसारासाठी संकेतस्थळाकडे जातात. पीडित कुटुंबाला किंवा याचिकाकर्त्याला मिळत नाहीत. मदत करावयाची असेल तर ती थेट व खात्रीच्या मार्गाने करावी.

८. समारोप

सुपारीबागेतील कामगार आणि मोबाइल हाती असलेला आजचा तरुण यांच्या साधनांत जमीन-अस्मानाचे अंतर आहे. लोखंडे यांना ५,५०० सह्यांसाठी गिरणीगिरणीतून माणसे जोडावी लागली; आज तेवढ्या सह्या एका रात्रीत होऊ शकतात. परंतु सह्या गोळा करताना जी संघटना उभी राहिली, तीच १८९० पर्यंत टिकली आणि तिनेच रविवार मिळविला. सही जितकी सोपी होते तितकी ती संघटना आपोआप उभी राहत नाही, ही आजची खरी अडचण आहे. म्हणून सहीसाठी वाचलेला वेळ आपण पाठपुराव्याला दिला पाहिजे. माजी विद्यार्थ्यांपैकी कित्येक जण आज शासकीय सेवेत, वकिलीत व शिक्षणक्षेत्रात आहेत. अर्ज कोणत्या टेबलावर अडतो याचे त्यांना असलेले ज्ञान वस्तीतील एखाद्या कुटुंबाला मिळाले, तर त्या कुटुंबाच्या सहीचे मोल कितीतरी वाढेल.

स्वाध्याय

१. १८८४ च्या निवेदनातील कोणतीही एक मागणी घ्या व ती मोघम शब्दांत लिहून पाहा. तिचे बळ कोठे कमी होते ते सांगा.

२. बोले ठराव १९२३ चा, महाडचा सत्याग्रह १९२७ चा आणि न्यायालयाचा निर्णय १९३७ चा. या तिन्ही टप्प्यांत काम करणारी शक्ती कोणकोणती होती?

३. आपल्या मोबाइलवर आलेली एखादी ऑनलाइन याचिका घ्या. लेखातील पाच कसोट्यांपैकी किती कसोट्यांना ती उतरते, ते पालकांसमवेत तपासा.

४. आपल्या वस्तीतील एक छोटा प्रश्न निवडा : बंद पडलेला पथदिवा, गळकी जलवाहिनी किंवा वाचनालयाची वेळ. त्यासाठी एक पानाचा अर्ज मराठीतून लिहा, बाधितांच्या सह्या घ्या, पोच घ्या आणि तीन महिन्यांनी काय झाले ते वर्गात सांगा.